आधी अँटेना, मग हेडफोन

हेडफोन घेतलास, अ‍ॅम्प घेतलास, छान केलंस. आता त्यावर एफएम ऐकायचं तर एक लक्षात ठेव बाळा : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रेडिओचा आड म्हणजे अँटेना. ट्यूनरमागची तार गुंडाळून कोपऱ्यात टाकलीस, तर लाखाचा अ‍ॅम्पही खरखरच ऐकवणार.

१०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची लहर ३ मीटर लांब. म्हणून चपट्या दुहेरी तारेचा दीड मीटरचा टी-आकाराचा डायपोल घरात पुरतो. तो खिडकीजवळ ताणून लाव, ग्रिलपासून, मोबाइलच्या चार्जरपासून आणि एलईडी दिव्यांपासून लांब. लगेच पक्का करू नकोस. हेडफोन कानाला लाव आणि कुणाला तरी अँटेना हळूहळू सरकवायला सांग. निवेदिका बोलत असताना तिच्या ‘स’, ‘श’, ‘च’कडे लक्ष ठेव. ती अक्षरं फाटत असतील, तर समोरच्या इमारतीवर आपटून आलेली लहर मूळ लहरीत मिसळते आहे. ट्यूनरच्या सिग्नल मीटरचा काटा तेव्हाही भरलेला दिसेल, त्याचं ऐकू नकोस. वीतभर सरकवल्यावर ‘स’ मऊ झाला की तिथेच चिकटपट्टी मार.

विविधभारतीवर ‘संगीत सरिता’ लागलं की गाण्यामागचा तानपुरा ऐक. त्याच्याभोवती ‘स्सस्स’ राहत असेल तर मोनोचं बटण दाब. स्टिरिओला मोनोपेक्षा साधारण २० डेसिबलने जास्त खरखर असते. स्पीकरवर ती खपून जाते, हेडफोनवर नाही. १९७०च्या आधीची बहुतेक फिल्मी गाणी मुळात मोनोच आहेत, तिथे तुझं काहीच जात नाही.

एफएमवर १५ किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज येतच नाही. तेव्हा ४० किलोहर्ट्‌झच्या हेडफोनच्या जाहिरातीपायी रेडिओसाठी पैसे घालू नकोस.

जुना ट्यूनर मात्र बघून घे. जपानच्या बाजारासाठी बनलेल्यांचा पट्टा ७६ पासून सुरू होऊन ९०च्या आसपास संपतो, म्हणजे मुंबईचं विविधभारतीचं १०२.८ त्यावर लागायचंच नाही. अमेरिकेतले बरेच डिजिटल ट्यूनर विषम दशांशावरच थांबतात, १०२.७ नाहीतर १०२.९. शिवाय तिथला डी-एम्फसिस, म्हणजे प्रसारणात चढवलेले वरचे स्वर पुन्हा उतरवण्याचं माप, ७५ मायक्रोसेकंद, आपला ५०. म्हणून तिथल्या ट्यूनरवर आपल्याकडे आवाज मंद, झाकलेला वाटतो. काहींना मागे बदलायचा खटका असतो, तो आधी शोध. आणि व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. आपल्याकडे २३० आहे.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या हेडफोन जॅकमध्ये बहुधा काहीशे ओहमचा रेझिस्टर असतो. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला तो चालतो; ३२ ओहमवाल्यांचा बास मात्र बऱ्याचदा फुगतो आणि सैल होतो. त्यांच्यासाठी वेगळा हेडफोन अ‍ॅम्प घेणं मला पटतं. त्याचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी हवा, म्हणजे ३२ला ४ ओहमच्या आत. ट्यूनरची लाइन-आउट थेट त्यालाच जोड.

आणि स्टेशन बदलताना आवाज आधी उतरव. दूरचं स्टेशन पकडायला म्युटिंग (स्टेशन नसताना आवाज दाबणारी सोय) बंद केलेलं असेल, तर दोन स्टेशनांमधली खरखर गाण्यापेक्षा मोठी असते, आणि ती थेट तुझ्या कानात जाते.