आधी ती फिनेलची बाटली खाली ठेव

अगं, कुत्रं काळंकुट्ट होऊन आलं म्हणून इतकी घाबरू नकोस. तळवड्यात हे व्हायचंच. गल्लोगल्ली वर्कशॉप, दारात उभे टेम्पो, त्यांच्याखाली सांडलेलं ऑइल आणि त्यावरच सावलीला झोपणारी ही मंडळी. पण फिनेल, लायझॉल, हार्पिक, ब्लीच यातलं काहीही त्याच्या अंगाला लावायचं नाही. डेटॉलसुद्धा नाही बरं का. फरशीचा वास गेला की आपलं काम झालं, पण कुत्रं अंग चाटतं. अंगावर राहिलेलं सगळं त्याच्या पोटात जातं, जीभ सोलवटते, कातडी भाजते. मांजराला तर हे आणखी बाधतं.

खरं सांगू का, रॉकेल आणि थिनरची मला जास्त भीती वाटते. 'ग्रीस पटकन निघतं' म्हणून शेजारचे हमखास सुचवतील. ऐकू नकोस. कातडी पोळते आणि चाटताना थेंब श्वासात गेला तर फुप्फुसाला सूज येते. खरजेवर जळकं ऑइल फासतात ना, तेही विषच आहे गं. खरूज असेल तर डॉक्टरकडेच ने.

आता बघ, काय करायचं ते. पाणी ओतायच्या आधी पंजे उघडून बघ. लेथच्या खालची लोखंडाची कुरळी बर बोटांच्या बेचक्यात अडकलेली असते. तशीच चोळलीस तर आत रुतेल. चिमट्याने हळूच काढ. मग कोरड्या फडक्याने जमेल तेवढं ऑइल टिपून घे. चिकट ग्रीसवर थोडं गोडंतेल चोळ, ते सुटं होतं, तेही पुसून टाक. त्यानंतर भांड्यांचं लिक्विड कोमट पाण्यात पातळ करून एकदा लाव. वडी किंवा कपड्यांची पावडर मात्र नको. तेलात माखलेले समुद्रपक्षी कॅलिफोर्नियातली एक संस्था १९७८ पासून भांड्यांच्या साबणानेच धुते, म्हणजे तेलावर तो उपाय खरा आहे. पण त्याने कातडी कोरडी पडते, म्हणून हे फक्त अशा दिवसापुरतं. एरवी कुत्र्यांचाच शॅम्पू वापर. डोळे, कान सांभाळ आणि पाणी निवळ येईपर्यंत खंगाळ.

आणि कुणी आधीच फिनेल ओतलं असेल तर? रडत बसू नकोस. भरपूर पाण्याने धू, त्याला चाटू देऊ नकोस, मुद्दाम उलटी काढू नकोस. लाळ गळते, झोकांड्या जातात असं दिसलं की बाटली बरोबर घेऊनच दवाखाना गाठ. लेबल बघितलं की डॉक्टरांना उपचार ठरवणं सोपं जातं.

तुला जमेल हे, अगदी सहज. फक्त जुन्या टॉवेलने खसाखसा पूस आणि पुरता वाळेपर्यंत गेट उघडू नकोस, नाहीतर ओल्या अंगाने ते थेट त्याच टेम्पोखाली जाईल.