स्पर्शाची साक्ष

इतिहासाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : हा कागद येथवर आला कसा? कागद अस्सल असला, तरी त्याची वाट कळल्याखेरीज त्याची साक्ष पुरी धरता येत नाही. डीएनएच्या पुराव्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

नुसत्या हाताळलेल्या वस्तूवरूनही माणसाचा डीएनए मिळू शकतो, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवून दिले. आपण दिवसभर नकळत डोळे चोळतो, केसांवरून हात फिरवतो. तेथील पेशी बोटांवर येतात आणि बोटांवरून दाराच्या कडीवर, पेनावर, दुसऱ्याच्या तळहातावर जातात. कोणाच्या हातून पुष्कळ डीएनए मागे राहतो, कोणाच्या अगदी थोडा. हात नुकतेच धुतलेले असतील तर आणखी कमी. वसतिगृहात एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला (असे कधी घडले नाही, असे म्हणण्याचे धाडस आमचा कोणता माजी विद्यार्थी करील?) की पहिल्याचा डीएनए तो स्वतः कधी गेलाच नाही अशा ठिकाणी पोहोचू शकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टे सेरेनो येथे दरोडेखोरांनी एका धनिकाचा त्याच्या घरात खून केला. मृताच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. मृत्युदंड होऊ शकेल अशा आरोपाखाली त्याला पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले. मद्याच्या व्यसनामुळे त्या रात्रीचे त्याला स्वतःलाच काही आठवत नव्हते. अखेर बचाव पक्षाने रुग्णालयाची कागदपत्रे मिळवली, तेव्हा कळले की खुनाच्या वेळी तो नशेत रुग्णालयाच्या खाटेवर होता. त्याला तेथे पोहोचवणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. कोरोनाच्या काळात आपल्या घराघरांत आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आधी त्याच्या आणि नंतर मृताच्या बोटाला लागला असावा, असा निष्कर्ष निघाला. एक गरीब माणूस सुटला तो रुग्णालयाच्या नोंदवहीमुळे. डीएनएचा अहवाल तर अचूकच होता!

जर्मनीत याहून विचित्र घडले. सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत होता. त्यांत २००७ मध्ये हायलब्रॉन येथे झालेला महिला पोलिसाचा खूनही होता. २००९ मध्ये उलगडा झाला : ती स्त्री नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या पुरवणाऱ्या कारखान्यातील कामगार होती. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. परंतु त्या प्रक्रियेत जंतू मरतात, डीएनए मात्र शिल्लक राहतो.