जुनी गाडी, नवे नाव

(वापरलेली मोटार विकत घेताना काय तपासावे आणि कागदपत्रांना इतके महत्त्व का असते, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

अब्बांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आमच्या घरात मोटारीचा विषय निघाला. चाकूरहून लातूरच्या दवाखान्यात त्यांना वरचेवर न्यावे लागे. एसटीच्या पायऱ्या चढणे त्यांना जमेना आणि मोटारसायकलवर बसणे तर शक्यच नव्हते. नवी मोटार घेण्याइतके पैसे माझ्याजवळ नव्हते. म्हणून २०२४ साली आम्ही वापरलेली मोटार घ्यायचे ठरवले.

बुटक्या मोटारीत वाकून बसणे अब्बांना त्रासाचे होते. शिवाय आमच्या शेताचा रस्ता काळ्या मातीचा. पाऊस पडला की चाकोऱ्या खोल होतात आणि मोटारीचा तळ जमिनीला घासतो. त्यामुळे आम्ही लहान एसयूव्ही पाहू लागलो. ही मोटार उंच असते. पण तिची लांबी चार मीटरपेक्षा कमी असते. भारतात एवढ्या लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींवर कर कमी लागतो. त्यामुळे अनेक कंपन्यांनी अशा मोटारी काढल्या. फोर्ड इकोस्पोर्ट २०१३ मध्ये, मारुती विटारा ब्रेझा २०१६ मध्ये आणि टाटा नेक्सन २०१७ मध्ये भारताच्या बाजारात आली.

नांदेडला अशीच एक डिझेलची मोटार विकायची आहे, असे कळले. ती २०१८ सालची होती. मालक एक निवृत्त गृहस्थ होते. मी, अब्बा आणि आमच्या ओळखीचे एक मेस्त्री असे तिघे तिकडे गेलो. या मेस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात.

मोटार चकाकत होती. मी रंगावरच खूश झालो. उस्तादांनी मात्र आधी इंजिनाला हात लावून पाहिला.

"सर, इंजिन गरम असले की सगळ्याच गाड्या गुणी वाटतात. थंड इंजिन कसे सुरू होते, ते पाहावे," ते म्हणाले.

इंजिन चटकन सुरू झाले. उस्ताद धूर पाहत उभे राहिले. धूर निळसर असेल तर इंजिन तेल जाळते, फार काळा असेल तर इंधन नीट जळत नाही, असे त्यांनी मला समजावले. मग ते टायरजवळ बसले. टायरवर २३१८ असा आकडा होता. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले होते. "चारही टायर बदलावे लागतील," उस्ताद म्हणाले. तो खर्च धरून आम्ही किंमत ठरवली. शेवटी नोंदणी पुस्तकातला चासी क्रमांक मोटारीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मालकांनी मोटारीवर घेतलेले कर्ज फिटले होते. बँकेचे तसे पत्र त्यांच्याजवळ होते.

व्यवहार जमवणारा दलाल तिथेच होता. तो हळूच म्हणाला, "सर, साहेबांनी सह्या करून दिल्या आहेत. नाव बदलायची घाई कशाला? तेवढे पैसे टायरला वापरा. पुढे विकतानाही सोपे जाईल."

मला ते पटू लागले होते. मी अब्बांकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना काय आठवले, ते मला लगेच कळले.

मी कॉलेजात असताना अब्बांनी आपली मोटारसायकल एका ओळखीच्या माणसाला विकली होती. कागदांवर सह्या करून ते मोकळे झाले. त्या माणसाने नाव बदलले नाही, विमाही भरला नाही. दोन वर्षांनी त्या मोटारसायकलची धडक बसून एका माणसाचा पाय मोडला. नोटीस आमच्या घरी आली. नोंदणी पुस्तकात नाव अब्बांचेच होते. पुढे कित्येक वर्षे ते न्यायालयाच्या चकरा मारत राहिले. भरपाई देण्यासाठी अम्मीच्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे, वाहन त्याच राज्यात विकले तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. विमाही नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावा लागतो. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.

अब्बा काठी टेकत उठले. ते मला म्हणाले, "बेटा, गाडी आपल्या दारात आणि तिची काळजी यांच्या घरात, असे होता कामा नये."

त्या गृहस्थांनी चमकून विचारले, "म्हणजे? मी तर सह्या दिल्या. माझे काम संपले ना?"

अब्बांनी त्यांना आपली सगळी हकीकत सांगितली. ते गंभीर झाले. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून अर्ज भरले. विमा माझ्या नावावर केला. टायर मात्र एकदम बदलता आले नाहीत. आधी दोन घेतले आणि पुढच्या पगारात दोन. तोवर मोटार लांब नेली नाही.

मोटारीने पुढेही खर्च काढला. पहिल्या हिवाळ्यात बॅटरी गेली. जुनी मोटार घेताना सगळे पैसे किमतीत घालू नयेत, दुरुस्तीसाठी काही राखून ठेवावेत, हे मी त्यातून शिकलो. पण अब्बा आता कोणाच्या आधाराशिवाय मोटारीत बसतात. पावसाळ्यात शेतातही जातात.

काही दिवसांनी माझ्या नावाचे नोंदणी कार्ड टपालाने आले. मी ते अब्बांच्या हाती दिले. त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचले. मग मला म्हणाले, "आधी नांदेडला फोन लाव. त्यांना सांग, आता ही गाडी आमची आणि तिची काळजीही आमची."

शब्दार्थ
वरचेवर – वारंवार
चाकोरी – चाकांमुळे रस्त्यावर पडलेली खोल रेघ
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
भरपाई – नुकसानीबद्दल द्यायची रक्कम
हकीकत – घडलेली गोष्ट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या घरी मोटारीची गरज का निर्माण झाली?
(आ) टायरवरील २३१८ या आकड्याचा अर्थ काय?
२. दलालाचे म्हणणे ऐकून अब्बांचा चेहरा का उतरला?
३. नाव बदलल्याने विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा कोणता फायदा होतो? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. भाषाभ्यास : मालक, कर्ज, किंमत, कागद, हकीकत हे शब्द उर्दूतही आहेत. पण काही शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा असतो. उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत 'हप्ता' म्हणजे ठरावीक मुदतीने भरायची रक्कम. 'हप्ता' आणि 'आठवडा' हे शब्द वापरून मराठीत दोन वाक्ये लिहा.