दहीकाल्याची अलिखित संहिता : घर, जत्रा आणि स्थलांतर

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी नाटकाच्या इतिहासाचा आरंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे सादर केलेल्या ‘सीतास्वयंवर’ या प्रयोगापासून मानण्याची प्रथा आहे. या प्रयोगातील पद्ये तेवढी भावे यांनी रचली होती. ती सूत्रधाराने गावयाची आणि पात्रांनी प्रसंगानुरूप गद्य भाषणे स्वयंस्फूर्तीने करावयाची, अशी रीत होती. भावे यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ मुद्रित झाला तो १८८५ साली. याचा अर्थ असा की, मराठी नाट्यवाङ्मयाचा जो आरंभबिंदू मानला जातो, तेथे संपूर्ण लिखित संहिता नव्हतीच.

दक्षिण कोकणातील दशावतारी खेळातही अशीच रीत आढळते. पदे गायिली जातात, संवाद रंगमंचावरच घडविले जातात. असे असूनही भावे यांना वाङ्मयेतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि दशावताराची बोळवण ‘पूर्वपीठिका’ या सदरात झाली. रामदासांच्या ‘दासबोधा’त दशावतारी खेळाचा उल्लेख येतो. त्यामुळे श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, ही परंपरागत माहिती फार तर एका विशिष्ट घडणीच्या आरंभाची मानता येईल. खेळाची ओळख मराठी समाजाला त्यापूर्वीच झालेली होती. एवढी दीर्घ परंपरा असलेल्या नाट्यप्रकाराला ‘संहिता नसलेले नाट्य’ म्हणणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. या खेळाला संहिता आहे, परंतु ती एका हस्तलिखितात नसून घर, जत्रा आणि श्रोता या तीन ठिकाणी विभागलेली आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. कोकणातील कुटुंबे पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक पट्ट्यात स्थिरावल्यानंतर या विभागलेल्या संहितेचे काय होते, हा त्याला जोडून येणारा प्रश्न आहे.

२. प्रयोगाची घडण

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि लगतच्या गोव्याच्या भागात हा प्रयोग ‘दहीकाला’ किंवा बोलीत ‘धयकालो’ या नावाने ओळखला जातो. नावातच विधी आहे. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पूजा, ओटी भरणे, पालखीची प्रदक्षिणा हे सर्व उरकल्यावर रात्री उशिरा खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीहंडी फोडून त्याची समाप्ती होते. खेळाचे दोन भाग असतात. पहिला आडदशावतार. त्यात गणपती, ऋद्धि-सिद्धी, पूजा सांगणारा भटजी, सरस्वती, वेद चोरणारा शंखासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू अशी पात्रे क्रमाने येतात. दुसरा भाग आख्यानाचा. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर, आजगावकर ही मंडळ्यांची नावे गावाशी आणि घराण्याशी जोडलेली आहेत. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले आहेत. रंगमंचावर एक बाक, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज एवढीच सामग्री पुरते.

आख्यान कोणते लावावयाचे हे ठरले की कथेचा क्रम आणि भूमिकांची वाटणी सांगितली जाते. त्यापुढील सारे नटाच्या वाणीवर अवलंबून असते. येथे भाषेची एक लक्षणीय विभागणी दिसते. देव, राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर ग्रांथिक मराठी बोलतात. काळ्या वेशातला शंखासुर मालवणी बोलतो. तो गावातल्या घडामोडींवर टीकाटिप्पणी करतो आणि भटजीची फिरकी घेतो. श्रोत्यांची घरातली बोली असुराच्या तोंडी आणि पोथीची भाषा देवाच्या तोंडी, अशी ही योजना आहे. वेदांची चोरी करणारा असुरच गावाच्या बोलीत गावाला चार शब्द सुनावतो, यातील गंमत जत्रेला जमलेला श्रोता पुरेपूर जाणतो.

३. घर हे ग्रंथालय

तासन्‌तास ग्रांथिक मराठीत उत्स्फूर्त संवाद करण्याचे सामर्थ्य, ज्याचे शिक्षण अनेकदा प्राथमिक शाळेपुरतेच झाले आहे अशा नटाकडे कोठून येते? या प्रश्नाचे उत्तर रंगमंचावर न शोधता घरात शोधावे लागते. श्रीधराचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ महाराष्ट्रातील घराघरांत चातुर्मासात वाचले जात असत. कोकणही त्याला अपवाद नव्हते. एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे, अवघड ओवीचा अर्थ वडीलधाऱ्यांनी सांगावा, अशी ही कौटुंबिक रीत होती. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानावर ओवीची वळणे, विशेषणांच्या मालिका आणि संबोधने पडत राहिली. नटाचे भांडार हेच आणि श्रोत्याचेही हेच. भाद्रपदात गणपतीसमोर वाडीतली मंडळी घरोघर जाऊन आरत्या आणि भजने म्हणतात, स्त्रिया फुगड्या घालतात. पदे उचलून धरणारा गळा आणि ताल ओळखणारा कान या घरगुती सोहळ्यांतच तयार होतो.

यावरून ‘अलिखित’ आणि ‘निरक्षर’ या दोन शब्दांतील अंतर स्पष्ट होते. दशावताराचा संवाद अलिखित आहे, परंतु त्याच्या पाठीशी लिखित वाङ्मयाची भक्कम परंपरा उभी आहे. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील वीरकाव्य गायकांचा अभ्यास करून, मौखिक रचनाकार ठरीव शब्दबंधांच्या आधारे प्रत्येक प्रयोगात काव्य नव्याने घडवितो, असा सिद्धान्त मांडला. दशावतारी नटालाही तो बराचसा लागू पडतो. फरक असा की, येथील शब्दबंधांचा मोठा भाग पोथीतून कानावाटे आलेला आहे. लिखित आणि मौखिक यांची सरळ विभागणी येथे टिकत नाही.

४. जत्रा आणि मान

संहितेचा दुसरा भाग जत्रेच्या रचनेत आहे. कोणत्या घराने पहिली ओटी भरावी, पालखीला खांदा कोणी द्यावा, तरंग कोणी धरावे, हे गावात ठरलेले असते. या मानापानाच्या चौकटीतच नाटकातील दरबार, अपमान, शाप आणि वचन यांना अर्थ प्राप्त होतो. मालवण तालुक्यातील आंगणेवाडी येथील भराडीदेवीची जत्रा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. देवस्थान आंगणे कुटुंबीयांचे, पण जत्रेला लाखो लोक लोटतात. जत्रेचा दिवस पंचांगातील तिथीने ठरत नाही. तो देवीचा कौल घेऊन ठरवितात. प्रसादाचा स्वयंपाक आंगणे कुटुंबातील स्त्रिया मौन पाळून करतात. एका कुळाचे घरगुती व्रत आणि अफाट सार्वजनिक उत्सव यांच्यामधली सीमारेषा येथे पुसट झालेली दिसते. दशावतारी खेळ याच सीमारेषेवर उभा असतो. देवळासमोर बसलेला श्रोता तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो. विधीत सहभागी असल्यामुळे त्याला प्रयोगाविषयी काही अधिकार असतो. नट कथेपासून भरकटला तर ते या श्रोत्याला कळते, आणि त्याला ते कळते याची जाणीव नटालाही असते. उत्स्फूर्त संवादाला मर्यादा घालणारी यंत्रणा ती हीच.

५. कारखान्याचे पंचांग

आता स्थलांतराचा विचार करावयाचा. भोसरी हे मुळात भैरवनाथाचे गाव. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी यांच्यासह ते नगरपालिकेत समाविष्ट झाले, १९८२ मध्ये महानगरपालिका आली. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे राज्याच्या सर्व भागांतून कामगार येथे आले, त्यांत कोकणातील कुटुंबेही होती. भैरवनाथाचा उत्सव आणि बैलगाडा शर्यती येथे आजही मूळ गावकऱ्यांच्या मानपानाशी निगडित आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंद झालेल्या या शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये त्यांविषयीचा राज्याचा कायदा वैध ठरला, तेव्हा त्या गावांना झालेला आनंद केवळ खेळाचा नव्हता. कोकणातून आलेले कुटुंब या उत्सवात प्रेक्षक असते, मानकरी नसते. त्याचा मान सह्याद्रीच्या पलीकडे राहिलेला असतो.

त्या मानाशी असलेले नाते टिकविण्याचे साधन म्हणजे रजा. गणपतीला गावी जाण्याची चाकरमान्यांची रीत कारखान्यांनीही गृहीत धरली आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाल्यावर मुंबईकडील चाकरमान्यांचा प्रवास सुकर झाला. कार्तिक-मार्गशीर्षातील जत्रा मात्र आठवड्याच्या मधल्या वारी येते आणि पहाटे संपते. तिच्यासाठी पाळी चुकविणे प्रत्येकाला परवडत नाही. परिणामी वर्षचक्राचा एक तुकडा, म्हणजे घरातला गणपती आणि क्वचित शिमगा, पुढील पिढीच्या अनुभवात राहतो; जत्रेचा तुकडा गळून पडतो. दोन खोल्यांच्या घरात पोथी सप्ताह लावून वाचली जाणेही कठीणच. संहितेच्या तीन भागांपैकी दोन अशा रीतीने निसटतात.

मुंबई-पुण्याकडील नाट्यगृहांत दशावतारी मंडळ्यांचे प्रयोग होतात आणि त्यांना गर्दीही लोटते. परंतु नाट्यगृह ठरावीक तासांसाठी मिळते, म्हणून आडदशावतार आखडतो किंवा गाळला जातो. त्याबरोबर शंखासुराची टीका जाते. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने (१९८०) मालवणी बोलीला नागर रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्या नाटकाचे ऐतिहासिक कार्य होय. तथापि त्यानंतर शहरी प्रेक्षकाच्या मनात मालवणी म्हणजे विनोद असे समीकरणही रुजले. दशावतारात बोलीला ग्रांथिक भाषेसमोर उभे राहून जो अर्थ येतो, तो या समीकरणात उरत नाही.

६. लेखनाचा मोह

अशा स्थितीत प्रयोग ध्वनिमुद्रित करून त्याची संहिता छापावी, ही सूचना स्वाभाविकपणे पुढे येते. तिचे परिणाम तपासून पाहिले पाहिजेत. इटलीतील कोमेदिया देल्लार्ते ही रंगभूमी केवळ कथासूत्राच्या आधारे उत्स्फूर्त संवाद करीत असे. १७३८ साली गोल्दोनी याने एका नाटकात फक्त नायकाची भाषणे लिहून दिली, पुढे सर्वच भूमिका लिहिल्या. इटालियन नाट्यवाङ्मय त्यामुळे समृद्ध झाले, पण उत्स्फूर्त संवादाची परंपरा क्षीण होत गेली. मराठीतही भावे यांच्या पद्धतीची जागा लिखित नाटकांनी घेतली. लेखन म्हणजे निव्वळ जतन नव्हे, ते रूपांतर असते, हे दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

यावरून छापणेच टाळावे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. एकाच आख्यानाचे वेगवेगळ्या गावांतील आणि नाट्यगृहांतील अनेक प्रयोग नोंदवून परस्परांशेजारी ठेवले, तर काय स्थिर राहते आणि काय बदलते हे कळू शकेल. त्या नोंदीत श्रोत्यांच्या प्रतिक्रिया, जत्रेचा विधिक्रम आणि नटांच्या घरातील पोथीवाचन यांनाही स्थान हवे. भोसरी-पिंपरीसारख्या ठिकाणी स्थिरावलेल्या कुटुंबांतील वृद्ध श्रोते हे अशा संशोधनाचे महत्त्वाचे साधन आहे. नटांच्या मुलाखती घेतल्या जातात, श्रोत्यांकडे कोणी जात नाही. वास्तविक अलिखित संहितेची अर्धी प्रत त्यांच्याच स्मरणात असते आणि ती वयाबरोबर झिजत असते.

७. निष्कर्ष

(१) दशावताराला संहिता नाही हे विधान अपुरे आहे. ती पोथीवाचन, जत्रेचा विधी आणि श्रोत्याचे स्मरण यांत विभागलेली आहे.

(२) भावे यांच्या प्रयोगाला वाङ्मयेतिहासात जो निकष लावला जातो, तोच दशावताराला लावला पाहिजे.

(३) स्थलांतराने प्रयोग नष्ट होत नाही. त्याला अर्थ देणारे आधार मात्र निखळतात. म्हणून शहरातील यशस्वी प्रयोगसंख्या हा परंपरा टिकल्याचा पुरेसा पुरावा ठरत नाही.

(४) संशोधनाचा विषय केवळ रंगमंच न राहता त्यासमोर बसणारे कुटुंब हाही झाला पाहिजे. पोथी ऐकलेली आणि रात्रभर जत्रा पाहिलेली पिढी हयात आहे तोवरच हे काम होण्याजोगे आहे.