३.४ 'पेट साउंड्स' : एका ध्वनिमुद्रिकेची घडण आणि तिचे अभिग्रहण

रसिक कोऱ्या मनाने कलाकृतीकडे येत नाही. पूर्वीच्या कृतींनी घडवलेल्या अपेक्षा घेऊन येतो, हे आपण मागील विभागात पाहिले. हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना केवळ साहित्याला लागू पडते, असे मात्र नाही. त्यासाठी आपण येथे अमेरिकन रॉक संगीतातील एक उदाहरण घेऊ.

कॅलिफोर्नियातील 'द बीच बॉइज' हा गट समुद्र, लाटांवरील खेळ, मोटारी आणि तारुण्य यांच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध होता. त्याचा प्रमुख रचनाकार ब्रायन विल्सन. डिसेंबर १९६४ मध्ये विमानात त्याला तीव्र भीतीचा झटका आला आणि पुढे त्याने दौरे सोडून स्टुडिओत काम करणे पसंत केले. १९६६ च्या आरंभी सहकारी जपानच्या दौऱ्यावर असताना तो हॉलिवूडमध्ये व्यावसायिक वादकांना घेऊन नव्या अल्बमचे वाद्यसंगीत मुद्रित करू लागला. बहुतेक गीतांचे शब्द त्याने टोनी ॲशर या जाहिरात-लेखकाच्या साहाय्याने सिद्ध केले.

ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि हा अल्बम त्याने एकमार्गी ध्वनीत, म्हणजे 'मोनो'त सिद्ध केला. या तपशिलाकडे चरित्रातील गंमत म्हणून पाहू नये. मोनोत वाद्ये डावी-उजवीकडे विभागता येत नाहीत. ती एकमेकांत मिसळतात. दोन-तीन वाद्ये एकच स्वरावली वाजवू लागली की त्यांतून कोणत्याही एका वाद्याचा नसलेला नाद निर्माण होतो. अल्बमचा खरा विशेष हा मिश्र नाद आहे. सायकलची घंटी, शेवटी धावणारी आगगाडी आणि ब्रायनच्याच कुत्र्यांचे भुंकणे यांची चर्चा पुष्कळ होते. ती थोडी अधिकच होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

'गॉड ओन्ली नोज' हे गीत लक्षपूर्वक ऐका. प्रेमगीत असूनही त्याचा आरंभ प्रेमाच्या शाश्वततेविषयीच्या शंकेने होतो. संगीतातही तीच अस्थिरता आहे : गाण्याचा षड्ज नेमका कोणता, याविषयी कान संभ्रमात राहतो. आशय आणि रचनाबंध यांचे असे ऐक्य आपण कवितेत शोधतो. अखेरीस एकामागून एक येणारे आवाज परस्परांत गुंफले जातात आणि गीत पूर्णविरामाविना विरत जाते.

१६ मे १९६६ रोजी अल्बम प्रकाशित झाला. अमेरिकेतील विक्रीच्या क्रमवारीत तो १० व्या स्थानापर्यंत पोहोचला. हे अपयश नव्हे, पण गटाच्या कीर्तीच्या मानाने ते निराशाजनक मानले गेले. कॅपिटॉल कंपनीने दोन महिन्यांच्या आतच गटाच्या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. कंपनीचा हा निर्णय म्हणजे जुन्या अपेक्षाक्षितिजावर टाकलेला विश्वासच होय!

ब्रिटनमध्ये मात्र हाच अल्बम २ ऱ्या स्थानी पोहोचला. पॉल मॅकार्टनी याने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि बीटल्सच्या १९६७ मधील 'सार्जंट पेपर्स' या अल्बमवरील त्याचा प्रभाव मान्य केला. म्हणून 'ही कृती काळाच्या पुढे होती' हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे ठरते. वर्ष एकच होते. श्रोते वेगळे होते. ब्रिटिश श्रोत्यांच्या मनात या गटाची समुद्रकिनाऱ्यावरील प्रतिमा तितकी रुजलेली नव्हती, शिवाय तेथे डेरेक टेलर या प्रसिद्धिप्रमुखाने ब्रायनची ओळख प्रतिभावंत म्हणून करून दिली होती. अभिग्रहणात अशा मध्यस्थांचाही वाटा असतो, हे येथे विसरू नये.

अमेरिकेत पुनर्मूल्यांकनास बराच काळ लागला. २००४ मध्ये तेथील काँग्रेस ग्रंथालयाने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत या अल्बमचा समावेश केला.

स्वयं-अध्ययनासाठी : एखाद्या मराठी लेखकाने आपली रूढ वाट सोडून लिहिलेली कृती निवडा. तिच्या पहिल्या स्वागतात वाचकांच्या अपेक्षा, प्रकाशक आणि समीक्षक यांचा वाटा किती होता, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.