पुसलेले डबे आणि सुटलेला रंग

यूव्ही प्रिंटरमधून वस्तू बाहेर येते तीच कोरडीठाक. ग्राहक खूश, छापणाराही खूश. शाईने खरंच पकड घेतली आहे की ती नुसती वर बसली आहे, हे मात्र त्या घडीला कळत नाही.

पुण्यातल्या एका छोट्या छापखान्याला हे कळलं, डबे परत आल्यावर. भेट म्हणून वाटायच्या पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यांवर एका संस्थेचं बोधचिन्ह छापून दिलं होतं. घासणी फिरताच ते सालासारखं निघून आलं. कुणी शाई बदलायला सांगितलं, कुणी मशीन. गंमत म्हणजे छापण्याआधी प्रत्येक डबा आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसलेला होता.

पुसल्याने मळ आणि तेलकटपणा जातो, प्लास्टिकचा स्वभाव बदलत नाही. कागदात शाई मुरते. यूव्ही शाई दिव्याच्या प्रकाशात जागच्या जागी घट्ट होते आणि वरच राहते. त्याआधी ती पृष्ठभागावर नीट पसरायला हवी. त्यासाठी पृष्ठऊर्जा साधारणपणे सेंटिमीटरला ३८ ते ४२ डाइन लागते. पॉलिप्रॉपिलिनची असते ३०च्या आसपास, त्यामुळे शाई त्यावर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी आकसते. हे तपासायला डाइन पेन मिळतं. ३८ क्रमांकाच्या पेनाची रेघ दोन सेकंद सलग टिकली तर ठीक. तिचे थेंब झाले तर प्रायमर, कोरोना (विजेच्या झोताची प्रक्रिया) किंवा ज्योत यांपैकी काहीतरी वापरावंच लागतं. ज्योत झरकन फिरवायची, एका जागी रेंगाळली की डबा वाकडा होतो. ज्योतीचा किंवा कोरोनाचा परिणाम हळूहळू उतरतो, म्हणून छपाई लवकर उरकावी. आणि अल्कोहोलची बाटली ज्योतीच्या आसपाससुद्धा नको!

अॅक्रिलिकची तऱ्हा निराळी. त्याची पृष्ठऊर्जा बहुधा पुरेशी असते, पण वरची फिल्म सोलताच स्थिर विजेमुळे धूळ येऊन चिकटते. अॅसिटोनने तर ते विरघळतं. लेझरने कापलेल्या कडेला अल्कोहोल लागलं, तर आतल्या ताणामुळे केसासारखे तडे जातात आणि ट्रॉफी वाया जाते. त्यामुळे आधी छापून मग कापणं बरं.

काचेवर बोटाचा ठसा आणि हवेतला ओलावा नडतो. ती पुसून, पूर्ण वाळवून प्रायमरचा अगदी पातळ हात द्यावा. जाड थर दिला तर प्रायमरच सुटतो, शाईसकट. साच्यातून काढलेल्या वस्तूंवर कधी सिलिकॉनचा अंश राहतो आणि छपाईत गोल डोळे पडतात. छपाईच्या खोलीत सिलिकॉन स्प्रेला पूर्ण बंदी असावी, हे जरा कडक वाटलं तरी.

अशा कामाची खरी परीक्षा चोवीस तासांनी घ्यावी. ब्लेडने उभ्याआडव्या बारीक रेघा मारून चौकटी पाडायच्या, त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि ओढून काढायची. एएसटीएम डी ३३५९ या चाचणीत एकही चौकट न निघाल्यास ५बी ही सर्वांत वरची श्रेणी मिळते. ६५ टक्क्यांहून अधिक भाग निघाल्यास ०बी. या तपासणीत एक नग वाया जातो, म्हणून ऑर्डर घेतानाच ग्राहकाकडून दोन-तीन नग जास्तीचे मागून घ्या. तो द्यायला तयार नसेल, तर रंग टिकेल अशी हमी बिलावर लिहून देऊ नका.