पोटावरच्या चार टिकल्या

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलंच मला, तू रात्रभर झोपलेली नाहीस. सोनोग्राफीच्या कागदावर पित्ताशयात खडे असल्याचं वाचलंस, डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी पुढच्या बुधवारची तारीख दिली, आणि तुझ्या डोक्यात सगळं एकदमच सुरू झालं. लेकीची परीक्षा, सासूबाईंचं पथ्य, ऑफिसची रजा, भाज्या किती दिवसांच्या निवडून ठेवायच्या. जरा थांब. चहा घे आणि बस. अकरा वर्षांपूर्वी मीही यातून गेलेय, तेव्हा मी सांगते ते नीट ऐक.

आधी एक शंका काढून टाकू. नुसते खडे दिसले आणि कधी काही दुखलंच नाही, तर बहुतेकींना ऑपरेशन लागतही नाही. पण तुला दोनदा मध्यरात्री कळ आलीय, उजव्या बरगडीखालून थेट पाठीपर्यंत, आणि दोन्ही वेळा तळणीचं जेवण झालेलं. मग आता टाळू नकोस. मी टाळलं होतं गं. दीड वर्ष त्याला ॲसिडिटी म्हणत राहिले, थंड दूध पीत राहिले, आणि शेवटी पित्ताशय सुजून तापाने फणफणत दवाखान्यात गेले. सुजलेलं पित्ताशय काढणं डॉक्टरांना जास्त अवघड जातं. तुझं शांत असताना होतंय, हे चांगलं आहे.

‘फक्त खडे काढून पिशवी ठेवता येणार नाही का?’ असं तू विचारलंस. नाही बघ. खडे त्या पिशवीतच तयार होतात, ती ठेवली तर पुन्हा होणार. पित्त बनतं लिव्हरमध्ये, पिशवी ते नुसतं साठवते. ती गेली की पित्त थेट आतड्यात उतरतं. काही दिवस तेलकट खाल्लं की पोट सैल होईल, मग शरीर सांभाळून घेतं.

आता तुझं दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे नक्की काय करतात ते सांगते, कारण माहीत नसलं की भीती दुप्पट होते. पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचं भोक पाडून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तंबू उभा केल्यासारखी पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का? तर तो पेट घेत नाही, आत विजेच्या उपकरणाने रक्त थांबवायचं असतं ना, आणि तो रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. बेंबीतून कॅमेरा जातो. मग छातीच्या हाडाखाली एक आणि उजव्या कुशीकडे दोन बारीक भोकं. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी शोधायची, त्यांना टायटेनियमच्या बारीक क्लिपा लावायच्या, मध्ये कापायचं, पिशवी लिव्हरपासून सोडवायची आणि छोट्या प्लास्टिकच्या थैलीत घालून भोकातून बाहेर काढायची. क्लिपा आतच राहतात, त्याची काळजी करू नकोस.

माझ्या मोठ्या मावशीचं हेच ऑपरेशन जुन्या पद्धतीने झालं होतं. बरगडीखाली वीतभर चीर, आठवडाभर दवाखाना, पुढे महिनाभर ती उठताना हाताने पोट धरायची. दुर्बिणीने पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९८५ मध्ये, जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावात एरिख म्यूह नावाच्या सर्जननी. त्यांच्याच देशातल्या डॉक्टरांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ते केलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण जे. जे. म्हणजे सरकारी दवाखाना. रोजंदारी बुडाली की चूल पेटत नाही अशी माणसं तिथे येतात, आणि चार दिवस लवकर कामावर परतण्याची गरज त्यांच्याइतकी कुणाला असणार?

पण खरं सांगू का, मला तुला खरं बजावायचंय ते पुढेच आहे. पोटावर चार टिकल्यांएवढ्या पट्ट्या दिसतात, म्हणून ऑपरेशन लहान असं सगळ्यांना वाटतं. बाहेरची भोकं लहान आहेत गं, आतलं काम तेवढंच मोठं आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीस तर ऑपरेशनआधी काय विचारायचं आणि नंतर घरी काय सांगायचं, दोन्ही तुला सुचेल.

ऑपरेशनआधीचं बघ. यातली सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे पिशवीच्या नळीऐवजी शेजारची मुख्य पित्तनलिका कापली जाणं. हजारात साधारण ३ ते ५ जणांत असं घडतं असं मानतात. प्रमाण कमी आहे, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याचे हाल होतात. म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रासबर्ग या सर्जननी एक शिस्त नीट मांडली: चरबी साफ करायची, पिशवीचा खालचा भाग लिव्हरपासून मोकळा करायचा, आणि पिशवीत जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्याशिवाय कात्री चालवायची नाही. तू डॉक्टरांना सरळ विचार, ‘आत नीट दिसलं नाही तर तुम्ही काय कराल?’ चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. तो म्हणेल, पिशवीचा थोडा भाग मागे ठेवीन, किंवा पोट उघडीन. हे उत्तर ऐकून घाबरू नकोस, उलट निश्चिंत हो.

संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास पोट उघडून’ असं लिहिलेलं असतं. माझे हात तिथेच थरथरले होते. आता मला कळतं, ते वाक्य आपल्याच रक्षणासाठी असतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनांत शंभरातल्या थोड्याच जणींवर ती वेळ येते, सूज असली तर जास्त. जागी झालीस आणि चीर दिसली, तर ऑपरेशन फसलं असं समजू नकोस. डॉक्टरांनी हट्ट केला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुख्य नळीत खडा उतरलाय का, लिव्हरच्या रक्ततपासण्या नीट आहेत का, तेही विचार. उतरला असेल तर तो बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून वेगळा काढतात.

आदल्या रात्रीची तयारी. सहा तास आधीपासून पोटात काही नाही, आणि दुधाचा चहा हा खाण्यातच धरतात. मी पहाटे अर्धा कप घेतला होता, डोकं दुखेल म्हणून. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारल्यावर खरं सांगितलं, आणि माझा नंबर दुपारवर गेला. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. ते ऐकून मला रडू आलं, पण खरं सांगितलं म्हणून बरं झालं. तूही काही लपवू नकोस, रक्त पातळ करणारी गोळी असो की वैद्यांचा काढा. बेंबी अंघोळीच्या वेळी नीट साफ कर, दुर्बीण तिथूनच जाते. नेलपॉलिश काढ. मंगळसूत्र आणि जोडवीही काढावी लागतात, आत विजेचं उपकरण वापरतात म्हणून. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेव, आणि मंगळसूत्र त्यांच्याच हातात दे. दवाखान्याच्या दारात वाद नको.

ऑपरेशनानंतर पहिल्या रात्री उजवा खांदा दुखला तर दचकू नकोस. मी हृदयच गेलं समजून बेल दाबत सुटले होते. उरलेला वायू श्वासपटलाला टोचतो, आणि त्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. त्याच संध्याकाळी धरून धरून चाललीस की दोन-तीन दिवसांत जातं. खोकला आला तर पोटाशी उशी घट्ट धर. आणि परकर नेऊ नकोस! नाडा बरोबर बेंबीच्या पट्टीवर बसतो. सैल गाऊन ने.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येशील आणि तिथे खरी परीक्षा सुरू होईल. चीर दिसत नाही, तू चालतेबोलतेस, म्हणजे बरी झालीस असं सगळे धरून चालतात. आपणही धरतो. मी पाचव्या दिवशी पाण्याने भरलेली बादली उचलली आणि बेंबीपाशी अशी कळ आली की खालीच बसले. पोटाच्या आतले टाके बसायला वेळ लागतो, नाहीतर तिथून हर्निया होऊ शकतो. तेव्हा निदान महिनाभर बादली नाही, ओल्या चादरी नाहीत, मोठा कुकर नाही, लेकीला कडेवर घेणं नाही. डॉक्टरांकडून हे कागदावर लिहून घे आणि फ्रीजवर चिकटव. आपल्या तोंडून पटत नाही ते डॉक्टरांच्या अक्षरातून पटतं.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, न थांबणारी उलटी, डोळे पिवळे, लघवी गडद, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन कर. आणखी एक, हे सहसा कुणी सांगत नाही. महिन्याभराने एखाद्या भोकापाशी गाठ आली, पाणी झिरपायला लागलं, तर नुसतं मलम लावत बसू नकोस. उपकरणं नीट निर्जंतुक झाली नसली की क्षयाच्या कुळातले जंतू तिथे घर करतात, त्याचा औषधोपचार वेगळा आणि लांब असतो. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, तेही विचार, आणि तो रिपोर्ट घ्यायला विसरू नकोस.

खडे तुला बरणीत घालून देतील. माझे तुरीच्या दाण्याएवढे होते, पिवळट हिरवे, कडा घासलेले, हलवले की खुळखुळायचे. एवढ्याशांनी मला दीड वर्ष छळलं होतं!

मी मंगळवारी रात्रीच येते. माझे दोन गाऊन आणते, बुधवारी लेकीला शाळेत मी सोडीन, आणि तू घरी आलीस की भाताची पेज आणि मुगाचं वरण माझ्याकडे. तू फक्त त्या कागदावर तुझे प्रश्न लिहून ठेव, आजच.